काठी टाका, फटी बुजवा

पत्र: "नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही चार महिन्यांपूर्वी वाळवंटाच्या अगदी कडेला असलेल्या बैठ्या घरात राहायला आलो. मुलगी पाच वर्षांची, धाकटा रांगतो. आल्यावर पंधरवड्यातच न्हाणीघरात चपलेत विंचू निघाला, मग स्वयंपाकघरात ओट्याखाली एक. गेल्या आठवड्यात संध्याकाळी कुंड्यांमागे हातभर लांबीचा साप वेटोळं घालून बसला होता, तो ह्यांनी काठीने मारला. तेव्हापासून हे रोज अंधार पडला की काठी घेऊन अंगणात फेरी मारतात. म्हणतात, महिन्याभरात सगळे संपवतो. शेजाऱ्यांनी उंबऱ्याशी शिंपडायला कार्बोलिक ॲसिडची बाटली दिली आहे. मांजर पाळा असंही सांगितलंय. मला रात्रभर झोप नाही, विजेरी घेऊन मुलांच्या पलंगाखाली बघत असते. मी म्हणते माहेरी जाऊ, हे म्हणतात तू घाबरट आहेस. कोण बरोबर? — एक आई"

ताई, घर सोडू नका. आणि ती काठी आजच माळ्यावर टाका. दोघांपैकी एकाच्याही बाजूने निकाल देता येत नाही, त्यामुळे दोघंही माझ्यावर रागवाल, हरकत नाही.

तुमचं वाळवंट कुठलं ते पत्रात नाही. थरमध्ये फुरसे असेल, अरबस्तानात आणि उत्तर आफ्रिकेत पिवळा डेथस्टॉकर विंचू, अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात शेपटी खुळखुळवणारा रॅटलस्नेक साप. नावं बदलतात, पण घराभोवती घडतं ते जवळपास सारखंच. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्या वाळूचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो. आसपास मैलभर तशीच भट्टी, आणि मधे तुमचं घर: भिंतीची सावली, एसीच्या नळीतून टपटपणारं पाणी, रोज शिंपलेल्या कुंड्या. रात्री दारावरचा पांढरा दिवा किडे गोळा करतो. किड्यांमागे पाली आणि विंचू येतात. सांडलेल्या धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. थोडक्यात सापाला उंदराने बोलावलं आणि उंदराला आपण.

म्हणून तुमच्या ह्यांचं "महिन्याभरात संपवतो" काही खरं नाही. एक मारला की त्याच ओल्या, सावलीच्या कोपऱ्यात दुसरा येऊन बसतो, कारण जागा चांगली आहे. विंचू तर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, त्याला घाई नाही. वाळवंट रिकामं करायची गरजच नाही. घराच्या भिंतीपासून दोन-तीन मीटरचा पट्टा तुमच्या ताब्यात आला की पुष्कळ झालं. त्या पट्ट्यात सरपण, विटांचा ढीग, पालापाचोळा, मोडक्या कुंड्या, उपड्या बादल्या काहीही नको. झाडाच्या फांद्या छपराला टेकत असतील तर छाटा. एसीची नळी बादलीत सोडा आणि ती बादली रोज रिकामी करा. दाराचा दिवा पिवळसर करा, जमलं तर दारापासून लांब लावा. धान्य आणि जनावरांचं खाणं झाकणाच्या डब्यात जाऊ द्या. हे कंटाळवाणं काम आहे हे मान्य, पण निम्म्याहून अधिक फरक यानेच पडतो. औषधफवारणीवर माझा फारसा भरवसा नाही. विंचवाला ती सहज लागू पडत नाही. झुरळं आणि रातकिडे कमी होतात, तेवढाच तिचा उपयोग.

आता तुमच्या हातातल्या विजेरीबद्दल. ती बदला. साध्या प्रकाशात मातकट विंचू मातकट फरशीवर दिसतच नाही, म्हणून तर तुम्हाला रात्रभर बघत बसावं लागतं. अतिनील, म्हणजे यूव्ही प्रकाशाची विजेरी मिळते. विंचवाच्या कवचात असे पदार्थ असतात की या प्रकाशात तो हिरवट-निळा चमकतो, अंधाऱ्या रात्री काही मीटरवरूनही. सूर्य मावळल्यावर तास-दीड तासाने, बंद बूट घालून, दोघं मिळून भिंतीकडेने एक फेरी मारा. कपडे धुण्याच्या पावडरीचे डागही चमकतील, ते निळसर-पांढरे असतात. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र कवच घट्ट होईपर्यंत चमकत नाही, तेव्हा काही दिसलं नाही म्हणजे काहीच नाही असं समजू नका.

विंचू दिसला की लगेच उचलायला धावू नका, आधी तो कुठे शिरतो ते बघा. पायरी आणि भिंत यांच्या सांध्यात, खिडकीच्या चौकटीखाली, पाइप भिंतीत घुसतो तिथल्या भोकात. त्या जागी खडूने खूण करा आणि सकाळी ती फट सिमेंटने किंवा सिलिकॉनने भरा. काही जातींचे विंचू दोन मिलिमीटरच्या फटीतून आत येतात, त्यामुळे "एवढीशी तर आहे" म्हणून सोडू नका. दाराखाली रबराची किंवा ब्रशची पट्टी लावा. रात्री घरातले दिवे लावून अंगणात उभं राहा आणि दाराकडे बघा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून विंचू येतो. न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी बसवा आणि रात्री वर झाकण ठेवा.

घरात सापडलेला विंचू बाहेर काढायला हिंमत लागत नाही, काचेची बरणी आणि जाड पुठ्ठा पुरतो. बरणी त्याच्यावर उपडी घालायची, पुठ्ठा खालून सरकवायचा. गुळगुळीत काचेवर त्याचे पाय ठरत नाहीत. हाच गुण मुलांच्या पलंगासाठी वापरता येतो: पलंगाचे चारही पाय काचेच्या गुळगुळीत बरण्यांत ठेवा, पलंग भिंतीपासून वीतभर ओढून घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका. वर मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली नीट खोचा. भिंतीवर आणि छतावर चढणारे विंचूही असतात, तेही मच्छरदाणीबाहेर राहतात. इतकं केल्यावर पलंगाखाली रात्रभर बघत बसायची गरज नाही. झोपण्यापूर्वी एकदा बघा आणि झोपा.

मच्छरदाणीवर जरा जास्त जोर देते, कारण काही प्रदेशांत ती विंचवापेक्षाही मण्यारीसाठी लागते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बहुतेकदा कळतही नाही. खूण मुंगी चावल्याइतकी किंवा तीही नाही. थरच्या वाळवंटात या सापाला पीवणा म्हणतात. तो झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन टाकतो अशी तिथली समजूत आहे. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे श्वास अडकून गेलेला आणि अंगावर जखम नाही, तेव्हा लोकांनी दुसरं काय म्हणायचं? प्रत्यक्षात विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडलेले असतात. तेव्हा मण्यारीच्या मुलखात राहत असाल तर एक लक्षात ठेवा. मूल पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, थुंकी गिळता येईना, तर अंगावर खूण शोधत बसू नका. सरळ इस्पितळ गाठा.

काठीकडे येऊ. साप साप म्हणून भुई धोपटण्यात तुमच्या यजमानांचं समाधान होत असेल, पण साप मारायला किंवा पकडायला गेलेली माणसं दंशाच्या रुग्णांमध्ये नेहमी असतात. बऱ्याच सापांची झेप त्यांच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत जाते. दोन मीटर अंतरावरून साप सहसा चावू शकत नाही, काठीचा फटका मात्र त्याहून जवळ जाऊनच बसतो. मेल्यावरही धोका टळत नाही. तुटलेलं डोकं तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतं, आणि तुमच्या घरात पाच वर्षांची जिज्ञासू मुलगी आहे. रॅटलस्नेक वाजतो म्हणून आधी कळेल, फुरसे अंग घासून करवतीसारखा आवाज करतं म्हणून सावध होता येईल, यावरही विसंबू नका. दोघंही पुष्कळदा गप्प बसून राहतात. शिवाय कायदा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सापांना संरक्षण आहे. ॲरिझोनात गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याला १९५२ पासून संरक्षण आहे. इतर देशांचे आपापले नियम आहेत.

यजमानांना "मारू नका" इतकंच सांगून भागणार नाही. संध्याकाळची फेरी हा त्यांचा काळजी करण्याचा मार्ग आहे. तुम्ही पलंगाखाली बघता, ते अंगणात फिरतात, दोघांचीही झोप उडालेलीच आहे. त्यांची फेरी बंद करू नका. काठीच्या जागी यूव्ही विजेरी आणि खडू द्या, रविवारी सिमेंटचं घमेलं द्या. अंगणाला कुंपण घालायचं असेल तर तेही त्यांच्याकडे सोपवा: सहा मिलिमीटर भोकांची जाळी, साधारण ९० सेंटिमीटर उंच, पंधरा सेंटिमीटर जमिनीत पुरलेली आणि बाहेरच्या बाजूला थोडी कललेली. फाटकाखालची फट राहिली तर सगळी मेहनत वाया, तेवढं त्यांना आठवण करून द्या.

साप पुन्हा दिसेलच. अंगणात दिसला तर मुलांना आत घ्या आणि त्याला वाट द्या. बहुतेक वेळा तो आपणहून निघून जातो. घरात शिरला तर एकाने लांबून त्याच्यावर नजर ठेवायची. नजर हटली की तो कपाटामागे जातो आणि मग घरभर शोधाशोध होते. त्या खोलीचं दार लावून घ्या, खालच्या फटीत टॉवेल कोंबा आणि प्रशिक्षित सर्पमित्राला, वनखात्याला किंवा अग्निशमन दलाला, तुमच्याकडे जे येत असतील त्यांना बोलवा. नंबर आजच शोधून दाराच्या मागे लावा. वेळ आल्यावर फोनमध्ये शोधताना बोटं थरथरतात.

कार्बोलिक ॲसिडची बाटली ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात भीतीदायक वाटलेली गोष्ट. तिने साप अडत नाही. पण ती त्वचा भाजते, त्वचेतून शरीरात भिनते, आणि तुमचा धाकटा नेमका त्याच उंबऱ्यावरून रांगत जाणार. गंधक, लसूण, डांबरगोळ्या यांचाही सापावर भरवशाचा परिणाम होत नाही, आणि डांबरगोळी मुलाने तोंडात घातली तर विषबाधा होते. बाटली गटारात ओतू नका. घट्ट बंद करून शेजाऱ्यांना परत द्या आणि न वापरण्याचं कारणही सांगा, त्यांच्याकडेही मुलं असतील.

आता इस्पितळ. हे काम फटी बुजवण्याच्याही आधी करा. जवळच्या कोणत्या इस्पितळात सर्पदंशावरचं प्रतिविष असतं, रात्री डॉक्टर असतात का, श्वास देणारं यंत्र आहे का, हे जाऊन विचारून या. सगळ्यात जवळचं इस्पितळ हेच योग्य इस्पितळ असेल असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभरात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं सर्पदंशाने दगावतात, आणि त्यातली बरीच प्रतिविष मिळायला उशीर झाल्यामुळे.

साप चावला तर माणसाला आडवं करा, शांत ठेवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, घट्ट बूट लगेच काढा, कारण सूज चढल्यावर ते निघत नाहीत. चावलेला अवयव फळीला बांधून हलू देऊ नका. वेळ लिहून ठेवा. आणि निघा. जखम कापणं, विष चोखणं, दोरीने आवळणं, बर्फ लावणं यातलं काही नको. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्त गोठू न देणारं विष असेल तर त्याने रक्तस्राव वाढतो. साप पकडून आणायचा नाही. लांबून फोटो सहज मिळाला तर ठीक, नाही तर राहू द्या. इस्पितळात डॉक्टर ताजं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून बघतात. रक्त पातळच राहिलं असेल तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवलेली असते. ही वीस मिनिटं नातेवाइकांना युगासारखी वाटतात आणि "इंजेक्शन का देत नाही" म्हणून भांडणं होतात. पण विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, आणि प्रतिविषाची स्वतःची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून लक्षणं बघून देतात. लक्षणं नसली तरी निदान चोवीस तास देखरेखीखाली राहा. विष न सोडलेल्या अशा कोरड्या दंशांवरच तर मांत्रिकांची कीर्ती चालते.

विंचवाचं थोडं वेगळं आहे. धडधाकट मोठ्या माणसाला बहुतेक विंचवांच्या दंशाने नुसती भयंकर आग होते. जागा साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा (इथे चालतो), पॅरासिटामॉल घ्या. पण तुमच्या घरात दोन लहान मुलं आहेत आणि विंचवाचं विष लहानांनाच जास्त भोवतं. मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाट न पाहता इस्पितळात न्या. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, तोंडातून लाळ, डोळे फिरणं, धाप ही धोक्याची चिन्हं. पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड असेल तर विंचू जहाल, असा एक ठोकताळा सांगतात. तो बऱ्याचदा खरा असतो, पण त्यावर मुलाचा जीव टांगू नका. उपचार आहेत आणि चांगले आहेत. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या रुग्णांवर दाखवून दिलं आणि त्यानंतर मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. सोनोरनमधल्या बार्क विंचवावरच्या प्रतिविषाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली.

बाकीच्या पाहुण्यांबद्दल फार लिहीत नाही. केसाळ, भल्यामोठ्या जबड्याचा कॅमल स्पायडर सुसाट तुमच्या दिशेने पळत आला तर तो तुमच्या सावलीसाठी येतोय, त्याला विष नसतं. घोरपड आणि सांडा (काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा) आपल्या वाटेने जातात. खोकड किंवा कोल्हा रात्री कचऱ्याला तोंड लावायला येतो, डब्याचं झाकण घट्ट असलं की येणं थांबतं. पण दिवसाढवळ्या न घाबरता जवळ येणारा कोल्हा दिसला तर मुलांना लगेच आत घ्या. कोल्हा, कुत्रा, वटवाघूळ, कोणीही चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. इथे "बघू उद्या" चालत नाही.

मुलीला घाबरवू नका, सवय लावा. बूट उपडे करून आपटायचे, आत बघायचं, मग पाय घालायचा. दगडाखाली, लाकडाखाली, भिंतीच्या भोकात हात घालायचा नाही. काही हलताना दिसलं की जागीच थांबायचं, मागे सरकायचं आणि हाक मारायची. पाच वर्षांचं मूल हे आठवड्यात शिकतं, आणि मग तुम्ही विसरलात तर तुम्हालाच ओरडतं. टॉवेल आणि धुवायचे कपडे जमिनीवर टाकायची सवय मोठ्यांनाच मोडावी लागेल. धाकट्याला खाली सोडण्यापूर्वी फरशी झाडून घ्या.

राहिलं मांजर. उंदीर कमी होतात हे खरं, पण मांजर अर्धमेला साप तोंडात धरून घरात आणतं आणि पाहुणचार म्हणून तुमच्या पायाशी ठेवतं. आवडतं म्हणून पाळायचं तर जरूर पाळा, आणि मग रात्री त्याला घरातच ठेवा. राखणीसाठी पाळणार असाल तर आधी दाराखालची पट्टी बसवा.